तेलाची तपासणी होते, छातीची कधी होणार?



बंगळुरूच्या एका बैठकीत प्रशासनाच्या बाजूने बसलेल्या अधिकाऱ्याने आमचे निवेदन चाळले. 'काजळी' या शब्दावर बोट ठेवून ते हसले आणि म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, काजळी म्हणजे मळच ना? साबण मागा, देऊ. त्यासाठी फुप्फुसाच्या तपासण्या कशाला?" बैठक संपली, चहा झाला. इतिवृत्तात 'साबणाच्या वड्यांबाबत विचार करण्यात येईल' एवढी एक ओळ आली आणि प्रशासनाच्या लेखी विषय मिटला.

आमच्या लेखी तो मिटलेला नाही. म्हणून हा लेख.

आम्ही मूळचे बेळगावकडचे, नोकरीने बंगळुरूचे झालेलो. शिक्षण मॅट्रिक. रसायनशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. पण तीस-पस्तीस वर्षे काजळीत काढलेल्या माणसाला ती काय चीज आहे हे थोडेफार कळते. जे कळत नव्हते ते आम्ही वाचून आणि जाणकारांना विचारून घेतले. तेच येथे साध्या भाषेत मांडत आहोत. वाचा आणि आपापल्या शाखेत वाचून दाखवा.

काजळी म्हणजे मळ नव्हे

जळण आणि हवा यांचा मेळ नीट बसला की कोळसा असो, लाकूड असो की डिझेल, त्यातला कार्बन पुरता जळतो आणि वायू होऊन निघून जातो. हवा कमी पडली की कार्बन अर्धवट राहतो आणि काळा होऊन बाहेर पडतो. तीच काजळी. आपल्या आयाबहिणींनी चुलीपुढे आयुष्य काढले, त्यांना हे शिकवावे लागत नाही. कंदिलाची वात जास्त वर चढवली की काच काळी होते हे लहानपणी प्रत्येकाने पाहिले आहे.

इंजिनात हेच घडते, फक्त मोठ्या प्रमाणावर. ड्रायव्हरने (आता लोको पायलट म्हणतात) नॉच एकदम वाढवला की पंपातून डिझेल लगेच जास्त येते. टर्बोला मात्र वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ सिलिंडरात हवा अपुरी पडते आणि धुराड्यातून काळा लोट निघतो. पंप बिघडला, नोझल गळू लागले, एअर फिल्टर तुंबला, तरी तेच. शेडमधला नवशिका खलाशीसुद्धा धुराचा रंग पाहून दुखणे ओळखतो. निळा धूर म्हणजे वंगणतेल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येते आहे किंवा पाणी शिरले आहे, आणि काळा म्हणजे काजळी. इंजिनाचे निदान करण्यात आम्ही पटाईत. त्याच धुरात उभे राहून आपल्या छातीचे निदान मात्र आम्ही कधी केले नाही.

आता साबणाकडे येऊ. धूळ आणि काजळी यांत फरक आहे. खिडकीच्या गजावरून ओला कापूस फिरवा आणि तो मळ चिमटीत चोळून पाहा. धूळ खरखरीत लागते. काजळी तुळतुळीत लागते, पसरते आणि बोटाच्या रेघांत जाऊन बसते. कार्बन पाण्यात विरघळत नाही, साबणात विरघळत नाही, उन्हाने उडत नाही. साबण तिला विरघळवत नाही, फक्त कातडीवरून सोडवून पाण्याबरोबर वाहून नेतो. आपल्या पूर्वजांना हा गुण चांगला ठाऊक होता, म्हणून ते काजळीची शाई करत. पेशवाईतले मोडी कागद वाळवीने खाल्ले, पाण्याने भिजले, पण त्यावरचे अक्षर काळेभोर राहिले ते या गुणामुळे. टपाल बांधव ज्या शाईने तिकिटावर शिक्का मारतात तिच्यातही काजळीचाच भाऊबंद असतो, कारण तो शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. जी वस्तू कागदावर शतकानुशतके टिकते ती फुप्फुसात गेल्यावर आठ दिवसांत नाहीशी होईल, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आणि ती फुप्फुसात जाते ती खोलवर जाते. काजळीचा मूळ कण साधारण २० ते ५० नॅनोमीटरचा. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दोनेक हजार कण ओळीने मावतील. हे कण एकमेकांना चिकटून द्राक्षांच्या घडासारखे पुंजके होतात. मोठी धूळ नाकातल्या केसांत आणि घशाच्या चिकट्यात अडकते, खाकरले की बाहेर पडते. हे पुंजके त्या पहारेकऱ्यांना चुकवून थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. अतिसूक्ष्म कणांपैकी काही रक्तात उतरतात, म्हणून हृदयविकाराशीही त्यांचे नाते आहे.

शिवाय काजळी एकटी येत नाही. कण लहान म्हणजे पृष्ठभाग अफाट. एक ग्रॅम डिझेल काजळीचा पृष्ठभाग सुमारे १०० चौरस मीटर भरतो, म्हणजे चिमूटभर काजळीत रेल्वेच्या दोन-तीन लहान क्वार्टर्सची फरशी! त्या फरशीवर न जळलेले तेल, गंधकाचे आम्ल, धातूंचे कण आणि कर्करोग घडवणारी बेंझोपायरीनसारखी रसायने बसून येतात. काजळी ही हमाल आहे, ओझे विषाचे आहे.

हे आजचे शोध नव्हेत. १७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे मोठेपणी अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे. एखाद्या धंद्यामुळे कर्करोग होतो हे जगात पहिल्यांदा असे लिहिले गेले. त्यात आमच्यासाठी दोन धडे आहेत. पहिला : काम लहानपणी, रोग वीस-तीस वर्षांनी. दुसरा : युरोपातल्या इतर देशांत धुराडी साफ करणारे अंग झाकणारे कपडे घालत आणि नियमाने अंघोळ करत, म्हणून त्यांच्यात हा रोग फार कमी होता. म्हणजे साबणाचाही उपयोग आहेच, तो आम्ही नाकारत नाही. पण साबण कातडीसाठी असतो. श्वासाबरोबर गेलेली काजळी धुवायला कोणत्या कंपनीने वडी काढली आहे ते त्या अधिकारीसाहेबांनी सांगावे.

टीपकागदावरचा ठिपका

ज्यांनी डिझेल शेड पाहिलेले नाही अशा टपाल बांधवांसाठी एक गोष्ट सांगतो. डिझेल शेडला प्रयोगशाळा असते. इंजिन धावून आले की त्याच्या वंगणतेलाचा नमुना घेतात. टीपकागदावर तेलाचा एक थेंब टाकतात आणि पसरू देतात. मधला ठिपका किती काळा पडला त्यावरून तेलात किती काजळी उतरली हे कळते. तेलात लोखंड, तांबे, शिसे किती झिजून आले तेही यंत्राने पाहतात. काजळी जास्त झाली तर तेल जाड होते, लायनर, रिंगा, बेअरिंग खलास होतात. म्हणून मर्यादा ओलांडली की तेल बदलायचे, कारण शोधायचे आणि नोंदवहीत लिहायचे. ही पद्धत उत्तम आहे, आमच्याच माणसांनी ती इमानाने सांभाळली आहे.

आता आमचा प्रश्न. ज्या शेडमध्ये इंजिनाच्या पोटातली काजळी मोजायला प्रयोगशाळा, टीपकागद, वेळापत्रक आणि वही आहे, त्याच शेडमध्ये इंजिनाखाली उभ्या असलेल्या फिटरच्या छातीतली काजळी मोजायला काय आहे? नियतकालिक वैद्यकीय तपासणी होते, पण तिचा भर डोळ्यांवर आहे. सिग्नलचा रंग दिसतो का, अक्षरे वाचता येतात का. ते योग्यच आहे, गाडीची सुरक्षा त्यावर आहे. पण माणूस म्हणजे नुसते दोन डोळे नव्हेत.

आमच्याबरोबर एक फिटर होता. नाव आणि शेड देत नाही. इंजिन दुरुस्त झाले की त्याला लोड बॉक्सवर लावून पूर्ण ताकदीने चालवून पाहावे लागते. त्या चाचणीवर त्याने कित्येक वर्षे काढली. रुमाल काळा, थुंकी काळी, नाकपुड्या काळ्या. आम्ही हसायचो, तोही हसायचा. घरी त्याची बायको त्याचे कपडे पोरांच्या कपड्यांपासून वेगळे धूत असे, तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होते. निवृत्तीनंतर काही वर्षांत खोकला सुरू झाला, मग रक्त पडू लागले, मग निदान झाले, आणि सात महिन्यांत तो गेला. डॉक्टरांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, "बिडी ओढता का?" त्याने खरे ते सांगितले, "हो." तिथेच कागद बंद झाला. तीस वर्षे काय काम केले हे कोणी विचारले नाही.

त्याचा कर्करोग काजळीनेच झाला असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. एकट्या माणसाबाबत तसे कोणालाच सांगता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की प्रश्न विचारायला हवा होता आणि उत्तर कागदावर यायला हवे होते. प्रश्नच विचारला नाही, तर 'आमच्याकडे अशी एकही केस नाही' हे उत्तर प्रशासनाला दरवर्षी आयते मिळते.

'बिडीमुळे झाले' याला उत्तर

बिडी वाईट आहे, हे आम्ही स्वतः सभांतून सांगतो. बिडीचा धूर म्हणजेही काजळीच. पण बिडीच्या आडोशाला इंजिन लपवता येणार नाही.

अमेरिकेत आपल्याच रेल्वे भावंडांवर एक मोठी पाहणी झाली. १९५९ ते १९९६ या काळातल्या सुमारे ५५ हजार रेल्वे कामगारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला : गाडी चालवण्याशी संबंधित कामे करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण, ज्यांचा डिझेलच्या धुराशी संबंध आला नाही अशा कामगारांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक होते. धूम्रपानाचा विचार करूनही फरक उरला. ही पाहणी शक्य झाली ती कशामुळे? कोणी किती वर्षे कोणते काम केले याची नोंद तिथे जपून ठेवलेली होती म्हणून. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेल इंजिनाचा धूर पहिल्या गटात घातला. पहिला गट म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेले पदार्थ. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. युरोपीय संघाने २०१९ साली कामाच्या जागी डिझेलच्या धुरावर मर्यादा घातली : एका घनमीटर हवेत धुरातला कार्बन ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आपल्याकडे २००९ च्या हवा-मानकांत १२ प्रदूषकांची नावे आहेत, त्यांत काजळीचे स्वतंत्र नाव नाही. ती सूक्ष्म धुळीच्या वजनात मोजून टाकतात. पाव किलो चण्यात दोन दाणे विषाचे असले तरी तराजू पाव किलोच दाखवणार.

दगडाला न्याय, माणसाला साबण

काजळी माणसालाच छळते असे नाही. झाडाच्या पानावर बसली की ऊन अडते, पानाची श्वास घेण्याची छिद्रे बुजतात. होसूर रोडच्या कडेची झाडे पाहा, पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांचा हिरवा रंग दिसत नाही. दगडी इमारतीवर बसली की ती गंधकाचे आम्ल धरून ठेवते आणि सांध्यांतला चुना खाल्ला जातो. विजेच्या तारांच्या इन्सुलेटरवर बसली आणि वर दव पडले, तर वीज त्या थरावरून वाट काढते आणि भडका उडतो. म्हणून इन्सुलेटर पुसायला वेळापत्रक असते. बघा, पुन्हा तेच! चिनी मातीच्या इन्सुलेटरला वेळापत्रक, माणसाला नाही.

बंगळुरूने काजळीचे आणखी एक रूप पाहिले. बेळ्ळंदूर तलावातले सांडपाणी आणि फेस इतका वाढला, की २०१५ आणि २०१७ मध्ये तलावाला आग लागली. जानेवारी २०१८ मध्ये तर काठचा कचरा आणि गवत पेटून ती विझवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. ज्या शहराला तलावांचे शहर म्हणत त्याच्या तलावातून काळा धूर निघाला. वातावरणाचे जाणकार आणखी पुढचे सांगतात. काळी वस्तू ऊन पिते. काजळी हवेत असते तोवर हवा तापवते आणि हिमालयाच्या बर्फावर पडली की बर्फ लवकर वितळवते. पण याच जाणकारांनी एक दिलाशाची गोष्टही सांगितली आहे : काजळी हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे राहते. आज तिचा उगम बंद केला तर महिन्याभरात हवेत फरक दिसतो. उपाय आपल्या हयातीत फळ देणारा आहे.

आता आग्र्याची गोष्ट ऐका, तिचा रेल्वेशी जवळचा संबंध आहे. ताजमहालाच्या संगमरवराला धोका पोहोचू नये म्हणून सरकारने समिती नेमली. १९७८ च्या वरदराजन समितीच्या अहवालात आग्र्यातल्या धुराचे उगम दाखवले होते : दोन वीजकेंद्रे, ओतशाळा आणि रेल्वेचे शंटिंग यार्ड. पुढे वीजकेंद्रे बंद झाली, यार्डातली कोळशाची इंजिने हटवून डिझेल आणले. ३० डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने २९२ कारखान्यांना सांगितले, गॅसवर या, नाहीतर जागा सोडा. कारखाने हलवताना कामगारांची नोकरी सलग धरावी असेही बजावले. आणि तरीही २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताजच्या दगडावर धुळीबरोबर जळणातून आलेला कार्बन सापडलाच.

निकाल चांगला होता, आम्ही त्याला सलाम करतो. पण विचार करा. दगड काळा पडेल म्हणून समिती बसली, अहवाल आला, न्यायालय हलले, इंजिने बदलली. त्याच यार्डातल्या फायरमनची छाती काळी पडली तेव्हा कोणती समिती बसली?

'आता डिझेल संपले' याला उत्तर

प्रशासनाचा शेवटचा डाव हा. "सेक्रेटरीसाहेब, ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले. डिझेल आता किती दिवसांचे? मेलेल्या म्हशीला मणभर दूध कशाला सांगता?"

आम्ही विद्युतीकरणाच्या विरुद्ध नाही. धूर नसलेली गाडी आमच्या मराठी मुलखात शंभर वर्षांपूर्वी आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि १९३० पर्यंत बोरघाटातून पुण्यापर्यंत वीज पोहोचली. इकडे कॅसलरॉक ते कुळेच्या घाटात मात्र ३७ फुटांना एक फूट चढण आणि ओळीने बोगदे असताना वर्षानुवर्षे पुढे-मागे डिझेल इंजिने जोडून गाड्या चढवल्या. बोगद्यात गाडी शिरली की मागच्या इंजिनातल्या माणसाला पुढच्यांचा धूर प्यावा लागे. बोगद्यात गस्त घालणारा गँगमन तर गाडी गेल्यावरही त्याच धुरात चालत असे. तेव्हा वीज आली ती बरीच झाली.

पण 'संपले' हा शब्द आम्ही पूर्वीही ऐकला आहे. डिसेंबर १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफेची गाडी शेवटची धावली, तेव्हाही म्हणाले, धूर संपला. हारतुरे झाले, फोटो निघाले, इंजिन संग्रहालयात गेले, त्याला दरवर्षी रंग लागतो. कोळसा मारणारा फायरमन आणि राखेचा खड्डा उपसणारा खलाशी कुठे गेला? कोणाला किती वर्षे धुरात काढावी लागली याची नोंद कोणी ठेवली? कोणीच नाही. ते खोकत खोकत गेले आणि त्यांच्याबरोबर पुरावाही गेला.

आज तेच दुसऱ्यांदा घडते आहे. डिझेल शेडमध्ये विजेची इंजिने येऊ लागली, कर्मचाऱ्यांना नवे प्रशिक्षण देऊन दुसऱ्या कामावर पाठवतात. पदनाम बदलते, शेडचे नाव बदलते, जुन्या वह्या रद्दीत निघतात. काजळीचा रोग वीस-तीस वर्षांनी येतो. तो येईल तेव्हा माणूस पेन्शनर असेल आणि 'तू डिझेलवर होतास याला पुरावा काय?' असा प्रश्न येईल. म्हणून डिझेल संपते आहे हेच आमच्या मागणीचे सर्वांत मोठे कारण आहे. घर जळाल्यावर विहीर खणून उपयोग नाही, आणि वह्या जाळल्यावर चौकशी नेमूनही नाही.

शिवाय डिझेल पुरते संपलेलेही नाही. शंटिंगची इंजिने आहेत, रूळ दुरुस्त करणारी यंत्रे आहेत, टॉवर वॅगन आहेत, जनरेटरचे डबे आहेत. पिटलाइनवर डबे धुणारी पोरे-पोरी आहेत. ती बहुतेक कंत्राटी, आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. त्यांना ना वैद्यकीय कार्ड, ना पेन्शन. त्यांची काजळी कोणाच्या खात्यावर मांडायची?

टपाल बांधवांनो, हे तुमचेही आहे

कोणी म्हणेल, हे रेल्वेचे रडगाणे. तसे नाही. एके काळी धावत्या गाडीतल्या टपालाच्या डब्यात रात्रभर वर्गीकरण चाले. खिडकीतून येणारा धूर पत्रांवर आणि फुप्फुसांवर सारखाच बसे. ते दिवस गेले, पण फलाटावर पोती चढवणारे-उतरवणारे आरएमएसचे कर्मचारी आजही आहेत. आणि पोस्टमन? बंगळुरूत नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या वर गेली. मॅजेस्टिकपासून सिल्क बोर्डपर्यंत त्या वाहनांच्या मधून सायकल किंवा दुचाकी घेऊन रोज फिरणारा सरकारी माणूस म्हणजे पोस्टमन. मोटारीतला साहेब काचा वर करून बसतो, पोस्टमनच्या नाकात बसचा धूर थेट जातो.

बंगळुरूची हवा दिल्लीपेक्षा बरी असे सांगून गप्प बसवतात. बरी असेलही. पण देशाचे मानक सूक्ष्म धुळीसाठी वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅम आहे आणि २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना ५ म्हणते. शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे ते काही हवा चांगली म्हणून नव्हे. आणि सरासरी ही शहराची असते, सिग्नलवर थांबलेल्या माणसाची नसते. सरासरी चार फूट खोल नदीत माणसे बुडतात.

आमची चूक

दुसऱ्याकडे बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. आम्ही संघटनावाल्यांनी काय केले? धुराचा विषय निघाला की भत्ता मागितला. पंखा मागितला नाही, धूर खेचून बाहेर टाकणारी नळी मागितली नाही, मोजमाप तर नाहीच. भत्ता मिळाला की विजयसभा घेतली. छाती विकून महिन्याला काही रुपये आणले आणि त्याला लढा म्हटले. जो फिटर गेला त्याला तो भत्ता मिळवून देणाऱ्यांत आम्हीही होतो. ही चूक कबूल केल्याशिवाय पुढची मागणी करण्याचा आम्हाला अधिकार नाही. तोंडाला बांधायला दिलेले मास्क गळ्यात अडकवून फिरणारे आमचेच सभासद आहेत, हेही सांगून टाकतो.

आमच्या मागण्या

१. मोजमाप करा. पांढऱ्या फितीतून हवा ओढायची आणि फीत किती काळी पडली ते प्रकाशाने मोजायचे, अशी यंत्रे आहेत. आमच्या टीपकागदाचेच ते शिकलेले भावंड. बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था आहे, तिथल्या वातावरण शास्त्रज्ञांनी काजळीवर वर्षानुवर्षे काम केले आहे. व्यावसायिक आरोग्याचे सरकारी प्रादेशिक केंद्रही याच शहरात आहे. शेड, पिटलाइन, बोगदे आणि आरएमएसचे फलाट यांचे मोजमाप त्यांच्याकडून करून घ्या आणि आकडे सूचनाफलकावर लावा.

२. नोंद ठेवा. ज्याने डिझेलवर काम केले त्याची वर्षे, जागा आणि काम सेवापुस्तकात लिहून त्याला सही-शिक्क्यासह प्रत द्या. बदली होण्यापूर्वी द्या. कंत्राटी कामगारालाही द्या.

३. छाती तपासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांवर आमचे मतभेद आहेत आणि ते वेगळे मांडू. पण मोफत वार्षिक वैद्यकीय तपासणीची तरतूद त्यांत आहे, तर ती रक्तदाब आणि साखरेवर थांबू नये. फुंकून श्वास मोजण्याची चाचणी करा, छातीचे चित्र काढा आणि निवृत्तीनंतरही हे चालू ठेवा.

४. यादीत नाव घाला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत कर्करोगाच्या कारणांत काजळीचे नाव आहे. आपल्या नुकसानभरपाईच्या यादीत डांबर आणि खनिज तेलाने होणारा कातडीचा कर्करोग आहे, पण डिझेलच्या धुराने होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाव नाही. यादीत भर घालण्याचा अधिकार सरकारला आहे. तो वापरावा.

५. धूर उगमाशी अडवा. बंद शेडमध्ये इंजिन विनाकारण चालू ठेवू नका. चालवायचेच तर धुराड्याला नळी लावून धूर बाहेर काढा. पंप-नोझलची दुरुस्ती पुढे ढकलू नका. काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेले आणि न जळलेले डिझेल, हे हिशेब खात्यालाही समजावे. अंघोळीला गरम पाणी, मळक्या आणि स्वच्छ कपड्यांना वेगवेगळी कपाटे द्या. डांगऱ्या धुण्याची सोय कामाच्या जागीच करा, म्हणजे ही काजळी घरी लेकराबाळांत जाणार नाही.

६. पोस्टमन बांधवांना कापडाचे फडके नव्हे, सूक्ष्म कण अडवणारे मास्क द्या. टपालाच्या मोटारी विजेवर आणा. गर्दीच्या रस्त्यांवरचे वाटप गर्दीच्या वेळा टाळून ठरवा.

आता तुमचे काम

मागण्या लिहून दिल्या म्हणजे सेक्रेटरीचे काम झाले, अशी समजूत करून घेऊ नका. प्रत्येक शाखेने एक पांढरा कोरा कागद घ्यावा. त्याला खोबरेल तेलाचा हलका हात लावून सात दिवस शेडमध्ये, पिटलाइनवर, फलाटावर किंवा टपाल कचेरीच्या रस्त्याकडच्या खिडकीत टांगावा. खाली जागा, तारीख आणि तिथे किती माणसे काम करतात ते लिहावे. आठव्या दिवशी तो आमच्याकडे पाठवावा. हे शास्त्रीय मोजमाप नव्हे, हे आम्ही जाणतो. शास्त्रीय मोजमाप तुम्ही करा, हे सांगण्यासाठीच हा कागद आहे.

ज्यांनी पूर्वी वाफेवर किंवा डिझेलवर काम केले ते निवृत्त बांधव तुमच्या ओळखीचे असतील. त्यांच्या घरी जा. किती वर्षे, कुठे, कोणते काम, आता श्वास कसा आहे, एवढे वहीत लिहून घ्या आणि त्यांची सही घ्या. प्रशासनाने जी नोंद ठेवली नाही ती आपण ठेवू. उशीर झाला आहे, पण सगळे गेलेले नाहीत.

पुढच्या बैठकीला आम्ही साबणाची एक वडी आणि हे सगळे काळे कागद घेऊन जाणार आहोत. दोन्ही टेबलावर ठेवू आणि त्या अधिकारीसाहेबांना विनंती करू : साहेब, हा कागद या वडीने धुऊन दाखवा. पांढरा झाला तर आम्ही निवेदन मागे घेतो.

कागद काळा निघाला तर मात्र छातीच्या तपासणीचा आदेश घेतल्याशिवाय आम्ही त्या टेबलावरून उठणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!